गेरीच्या जिफवर मराठी ओळी

रंगपंचमीला इंदूरच्या राजवाड्यापुढून जाणाऱ्या गेरीच्या, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीच्या, जिफवर (हलत्या चित्राच्या फाइलवर) इमेजमॅजिक या आज्ञांनी चालणाऱ्या चित्र-प्रोग्रामने मराठी ओळ टाकायची असेल, तर चित्राआधी अक्षरं तपासा. घोडं बहुतेकदा तिथेच अडतं. टर्मिनलमध्ये ‘मॅजिक -व्हर्जन’ चालवा (आज्ञा इथे देवनागरीत आहेत, टाइप रोमनमध्ये करायच्या). डेलिगेट्सच्या, म्हणजे जोडलेल्या मदतनीस लायब्रऱ्यांच्या, ओळीत ‘रक्म’ (अक्षरं जुळवणारी लायब्ररी) हवं. ते नसेल तर इमेजमॅजिक जोडाक्षरं जुळवत नाही. ‘क्षिप्रा’ लिहून पाहा: हलन्त सुटे दिसतात आणि वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसते. फॉन्ट बदलून हे सुटत नाही, रक्मसह बांधलेली आवृत्तीच लागते. अक्षरांऐवजी चौकोन आले तर मात्र दोष फॉन्टचा. ‘-फॉन्ट’पुढे नोटो सान्स देवनागरीच्या फाइलचा पूर्ण पत्ता द्या.

आता ‘मॅजिक आयडेंटिफाय गेर.जिफ’. दर फ्रेमला एक ओळ छापली जाते, त्या मोजा. समजा ४० फ्रेम आहेत आणि डिले, म्हणजे एक फ्रेम दिसण्याचा वेळ, १० आहे. डिले सेकंदाच्या शंभराव्या भागात मोजतात, म्हणजे जिफ ४ सेकंदांची. दोन ओळींना प्रत्येकी २ सेकंद मिळतात. पाच-सहा शब्दांपेक्षा जास्त लिहू नका, वाचून होत नाही.

आज्ञेत फाइलच्या नावानंतर लगेच ‘-कोलेस’ हवंच. जिफच्या बऱ्याच फ्रेममध्ये फक्त बदललेला तुकडा साठवलेला असतो. तो पूर्ण न करता लिहिलं, तर ओळ त्या तुकड्याच्या तळाशी उमटते आणि दर फ्रेमला उड्या मारते. पुढे ‘-ग्रॅव्हिटी साउथ -पॉइंटसाइझ २८’, म्हणजे ओळ तळाशी मधोमध आणि अक्षरांचा आकार २८. गुलालावर नुसता पांढरा रंग टिकत नाही, म्हणून तीच ओळ दोनदा लिहा: आधी काळा स्ट्रोक (अक्षराची कड), जाडी ४, मग स्ट्रोक ‘नन’, म्हणजे कड नाही, आणि फिल (आतला रंग) पांढरा. दोन्ही वेळा ‘-अ‍ॅनोटेट +०+१२’, म्हणजे तळापासून १२ पिक्सेल वर.

पहिली ओळ ‘-क्लोन ०-१९’ (त्या फ्रेमच्या प्रती) असलेल्या कंसात, दुसरी ‘-क्लोन २०-३९’च्या कंसात, शेवटी मूळ फ्रेम काढायला ‘-डिलीट ०-३९’. मोजणी शून्यापासून असते. लिनक्सवर प्रत्येक कंसाआधी उलटी तिरकी रेघ द्या, नाहीतर शेल (आज्ञा वाचणारा प्रोग्राम) तो कंस स्वतःचा समजून अडतो.

संवाद बरेच असतील तर एसआरटी फाइल (वेळांसह संवादांची मजकूर फाइल) करून एफएफएमपेग या व्हिडिओ-प्रोग्रामचा ‘सबटायटल्स’ फिल्टर वापरणं सोपं. तिथे जिफचे रंग निवडणारे ‘पॅलेटजेन’ आणि ‘पॅलेटयूज’ हे फिल्टर विसरलात, तर गुलालाचे ठिपके ठिपके होतात.

इमेजमॅजिकच्या आज्ञेत कोलेसने फाइल फुगते, म्हणून ती आटोपशीर करायला शेवटी ‘-लेयर्स ऑप्टिमाइझ’. आणि निकाल नव्या नावाने ठेवा, नाहीतर दुरुस्ती करताना जुन्या ओळीवरच नवी ओळ चढेल.