प्रकाशसंश्लेषणाचा प्रयोग फसतोय? या चुका टाळा

पान उजेडात स्टार्च (साठवलेलं अन्न) बनवतं आणि आयोडीनने तो निळा-काळा होतो, पण कागदाने झाकलेल्या भागात उजेड नसल्याने तो बनत नाही, हेच या प्रयोगात दाखवायचं असतं. पान उकळलं, आयोडीन टाकलं, तरी निळा-काळा रंग काही येईना, नाहीतर उलट, झाकलेला भागसुद्धा निळा झाला. प्रॅक्टिकलच्या सीझनला हे ठरलेलंच. बऱ्याचदा झाड बिचारं ठीक असतं, घाई आपली असते.

सगळ्यात कॉमन चूक म्हणजे झाड आधी अंधारात न ठेवणं. पानात आधीचा स्टार्च साठलेला असतोच, म्हणून कुंडी 24 ते 48 तास पूर्ण अंधारात ठेवून तो संपू द्यायचा आणि मगच पानाला दोन्ही बाजूंनी काळ्या कागदाची पट्टी लावून उन्हात काढायची. लोक डायरेक्ट गॅलरीतल्या झाडाला पट्टी लावतात आणि झाकलेला भाग निळा आला की म्हणतात, उजेडाशिवाय पण अन्न बनतंय की! नाही हो, तो जुना साठा आहे. डाउट असेल तर पट्टी लावायच्या आधी एक पान तोडून टेस्ट करा, निळं झालं तर कुंडी परत अंधारात.

पान जास्वंदीचं घ्या, मस्त रिझल्ट येतो. कांद्याची पात घेऊ नका, ती स्टार्च साठवतच नाही, साखरच ठेवते, त्यामुळे कितीही ऊन दाखवा, निळी होणार नाही.

आता स्पिरिट, म्हणजे पानातलं हरितद्रव्य काढायला लागणारं अल्कोहोल. हे थेट गॅसवर ठेवायचं नाही म्हणजे नाही! साधारण 78 अंशांना उकळतं आणि वाफ लगेच पेट घेते. आधी पान पाण्यात दोनेक मिनिटं उकळा, मग गॅस बंद करून त्याच गरम पाण्यात स्पिरिटचा बीकर ठेवा आणि पान त्यात टाका, हरितद्रव्य उतरून स्पिरिट हिरवं होतं आणि पान पांढुरकं. पण ते इतकं कडक होतं की उचलताना तुकडे पडतात, म्हणून कोमट पाण्यात बुडवून मऊ करा, गार होऊ द्या, मग आयोडीन. गरम पानावर रंग नीट चढत नाही.

हायड्रिला या पाणवनस्पतीच्या प्रयोगात पाण्यात नरसाळ्याखाली फांद्या ठेवून उजेडात सुटणारे ऑक्सिजनचे बुडबुडे बघतात. ते येत नसतील तर पाणी उकळून गार केलेलं आहे का बघा, त्यातला कार्बन डायऑक्साइड उडून गेलेला असतो. चिमूटभर खायचा सोडा टाका. फांद्यांची कापलेली टोकं नरसाळ्यात वरच्या बाजूला हवीत. आणि बल्ब अगदी चिकटवून ठेवला तर पाणी तापून त्यातली विरघळलेली हवाच बाहेर येते आणि पोरं ती ऑक्सिजन म्हणून मोजत बसतात! शेजारी बिनझाडाचा तसाच बीकर ठेवला की फरक कळतो.

व्हायवाला (तोंडी परीक्षेत) दोन ठिकाणी मार्क जातात. ऑक्सिजन पाण्यातून सुटतो, कार्बन डायऑक्साइडमधून नाही, रुबेन आणि कामेन या शास्त्रज्ञांनी 1941 मध्ये जड ऑक्सिजन (ऑक्सिजनचाच जास्त वजनाचा प्रकार) वापरून हे दाखवलं. आणि डार्क रिॲक्शन (कार्बन डायऑक्साइडपासून साखर बनण्याचा टप्पा) म्हणजे रात्री होणारी नव्हे, तिला लागणारे एटीपी आणि एनएडीपीएच हे ऊर्जा पुरवणारे रेणू उजेडातच तयार होतात, त्यामुळे बहुतेक झाडांत ती दिवसाच चालते.