ब्लोअर बंद पडलाय? आधी टाकीतलं पेट्रोल बघा

पानं उडवायचा पेट्रोल ब्लोअर चालू होईना की लोक स्क्रू-ड्रायव्हर घेऊन कार्बोरेटरवर, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागावर, तुटून पडतात. कृपा करून थांबा. माझ्याकडे आलेल्या बंद ब्लोअरपैकी बहुतेकांचं दुखणं टाकीतच निघालंय.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे नुसतं पेट्रोल ओतणं. हातात धरायच्या बहुतेक ब्लोअरना टू-स्ट्रोक इंजिन असतं. त्यात ऑईलची वेगळी जागाच नसते. पेट्रोलमध्ये मिसळलेलं ऑईल हेच पिस्टनचं आणि बेअरिंगचं वंगण.

एक गृहस्थ नवाकोरा ब्लोअर घेऊन आले. म्हणाले, "मस्त चालत होता, अचानक रेस खाली आली आणि गप्प झाला. आता दोरीच ओढली जात नाही." मी सायलेन्सर काढला आणि धूर बाहेर पडायच्या भोकातून टॉर्च मारली. पिस्टनवर वरपासून खालपर्यंत उभे ओरखडे. गुळगुळीत, चकचकीत असायला हवा तो भाग नखाला खरखरीत लागत होता, रिंग खाचेत रुतून बसली होती. मग टाकीतले चार थेंब कागदावर टाकले. ते उडून गेले आणि कागद कोरा राहिला. ऑईल असतं तर तेलकट डाग उरला असता. "ऑईल नंतर घालू म्हटलं, पानं पडून होती," असं ते म्हणाले. तेवढ्या घाईपायी सिलिंडर-पिस्टन दोन्ही गेले. फार वाईट वाटतं असं यंत्र हातात आलं की.

प्रमाण यंत्राच्या पुस्तिकेत दिलेलं असतं. 50:1 म्हणजे लिटरभर पेट्रोलला 20 मिली ऑईल, 40:1 म्हणजे 25 मिली. मी सुईशिवायची सिरिंज वापरते. झाकणाने अंदाजे ओतणं मला मान्य नाही. वेगळ्या कॅनमध्ये आधी अर्धं पेट्रोल, मग टू-स्ट्रोकचंच ऑईल, मग उरलेलं पेट्रोल, आणि कॅन नीट हलवायचा. मिश्रण थेट टाकीत करायचं नाही. गाडीच्या इंजिनाचं ऑईल चालत नाही. आणि "थोडं जास्त घातलं तर बरंच की" हेही चूक: ठिणगी देणारा प्लग काळा पडतो, सायलेन्सरमध्ये काजळी धरते.

दुसरी चूक, गेल्या मोसमातलं पेट्रोल. महिनाभरापेक्षा जुनं मिश्रण मी यंत्रात घालत नाही. पेट्रोलमधलं इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं. पेट्रोल उडून गेलं की मागे चिकट राळ राहते आणि कार्बोरेटरची केसासारखी बारीक छिद्रं बुजवते. आतला पातळ पडदा कडक झाला की पेट्रोल नीट खेचलंच जात नाही. शिळ्या पेट्रोलला व्हार्निशसारखा वास येतो, एकदा ओळखलात की चुकत नाही. मी कॅनवर चिकटपट्टी लावून मिश्रण केल्याची तारीख लिहिते. ब्लोअर महिन्याहून जास्त ठेवून द्यायचा असेल तर टाकी रिकामी करते आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवते.

तिसरी गोष्ट अधीर लोकांसाठी. चोक (गार इंजिन सुरू करताना हवा अडवणारी झडप) लावून दोरी ओढताना एकदा "फट्" असा आवाज येतो. तो ऐकू आला की चोक काढायचा. तो आवाज न ऐकता वीस-वीस वेळा ओढत राहिलात तर प्लग पेट्रोलने भिजतो आणि मग काही केल्या सुरू होत नाही. अशा वेळी प्लग काढून पुसा, चोक काढलेला ठेवा, रेसचा खटका पूर्ण दाबा आणि प्लगची टोपी लांब धरून आठ-दहा वेळा दोरी ओढा. भोकातून पेट्रोलचा फवारा उडतो, म्हणून तोंड बाजूला ठेवा आणि आसपास ठिणगी नको. थोडा वेळ थांबून प्लग लावा आणि चोक न लावता सुरू करा.

तापलेल्या इंजिनात पेट्रोल भरू नका. सायलेन्सरवर सांडलं तर भडका उडतो. एअर फिल्टर काढून ब्लोअर चालवू नका, एकदाही नको. सिलिंडर गार ठेवणाऱ्या बाहेरच्या पातळ पट्ट्यांत अडकलेली पानं काढत जा. कानाला संरक्षण लावल्याशिवाय दोरीला हात लावू नका.

सुरू होतो, आयडलिंगला नीट राहतो, पण रेस घेत नाही, अशी तक्रार असेल तरी कार्बोरेटरचे स्क्रू फिरवू नका. सायलेन्सरच्या तोंडाशी ठिणग्या अडवणारी बारीक जाळी असते, ती काजळीने बुजलेली असण्याची शक्यता जास्त. यंत्र गार झाल्यावर ती काढा, तारेच्या ब्रशने घासा आणि परत बसवा. काढून फेकू नका, वाळक्या पानांत काम करताना तीच आग अडवते.