स्लीपवर टाकलेला कॉम्प्युटर आपोआप जागा होतोय? आधी जागवणारा शोधा

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे सौदे जोरात असले की अडत दुकानातला कॉम्प्युटर रात्रीसुद्धा बंद होत नाही. सकाळी अर्धवट राहिलेली पट्टी, म्हणजे विकलेल्या मालाचा हिशेब, तिथूनच पुढे करायची असते, म्हणून तो स्लीपवर टाकून सगळे घरी जातात. सकाळी कुलूप काढावं, तर स्क्रीन चालू आणि पंखा फिरतोय! रात्री वीज गेली असेल तर इन्व्हर्टरची बॅटरीही उतरलेली. मग व्हायरसची शंका येते आणि कुणीतरी फॉरमॅट मारायला सांगतं. कृपा करून इतक्यात फॉरमॅट मारू नका. बहुतेक वेळा माऊस, नेटवर्क कार्ड असं जोडलेलं एखादं उपकरणच त्याला उठवत असतं.

इथे दिलेल्या पायऱ्या विंडोज 10 आणि 11 साठी आहेत.

कोणी उठवलं ते विचारा. स्टार्टमध्ये सीएमडी टाइप करा, कमांड प्रॉम्प्टवर राइट क्लिक करून 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' निवडा. तिथे पॉवरसीएफजी, एक स्पेस, मग स्लॅश आणि लास्टवेक, असं इंग्रजी अक्षरांत लिहून एंटर दाबा. कॉम्प्युटर जागा सापडल्या सापडल्या हे करा, कारण उत्तर फक्त शेवटच्या वेळेचं मिळतं. काहीच कळलं नाही तर इव्हेंट व्ह्यूअरमध्ये विंडोज लॉग्ज, मग सिस्टिम उघडा आणि 'पॉवर-ट्रबलशूटर'ची नोंद शोधा. तिच्यात 'वेक सोर्स' लिहिलेला असतो.

परवानगी काढा. स्टार्टवर राइट क्लिक करून डिव्हाइस मॅनेजर उघडा. सापडलेल्या उपकरणावर डबल क्लिक करा आणि पॉवर मॅनेजमेंट टॅबमधली 'अलाऊ धिस डिव्हाइस टू वेक द कॉम्प्युटर' ही खूण काढून ओके करा.

पहिला संशय माऊसवरच घ्यावा. ऑप्टिकल माऊस खालच्या पृष्ठभागाची बारीकशी हालचालही टिपतो. दारात ट्रक लागला किंवा हमालांनी भिंतीलगत पोती टाकली की टेबल हादरतं, आणि तेवढं त्याला पुरतं. कीबोर्डची खूण मात्र राहू द्या. सगळ्याच खुणा काढल्या तर प्रत्येक वेळी पॉवर बटणच दाबावं लागेल.

नेटवर्क कार्डाला सहसा तीन खुणा असतात. सर्वात वरची, वीज वाचवण्याची, काढू नका. ती काढली की खालच्या दोन बदलताच येत नाहीत. तुमचे अकाउंटंट दुसरीकडून हा कॉम्प्युटर जागा करून काम करत असतील तर 'मॅजिक पॅकेट'ची, म्हणजे उठवण्यासाठी मुद्दाम पाठवलेल्या संदेशाची, खूण ठेवा, म्हणजे नेटवर्कवरच्या इतर हालचालीने तो उठणार नाही. तसं कुणी करत नसेल तर मधली, उठवण्याची खूण काढून टाका.

टायमरही बघा. सगळं करूनही तो ठरावीक वेळी उठत असेल, तर कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये ॲडव्हान्स्ड सेटिंग्ज, मग स्लीप, आणि तिथे 'अलाऊ वेक टायमर्स' डिसेबल करा.

बऱ्याच नव्या लॅपटॉपमध्ये पॉवर मॅनेजमेंट टॅब दिसतच नाही. तिथे रात्रीपुरतं हायबरनेट वापरणं मला जास्त भरवशाचं वाटतं. उघडं काम डिस्कवर साठवून मशीन जवळपास पूर्ण बंद होतं, त्यामुळे सकाळी पट्टी आहे तशी मिळते.

शेवटी कॉम्प्युटर स्लीपवर टाकून टेबल हलवून बघा. पुढे कधी ड्रायव्हर, म्हणजे उपकरण चालवणारं सॉफ्टवेअर, अपडेट झाल्यावर त्रास पुन्हा सुरू झाला, तर खूण परत आली आहे का ते आधी तपासा.