ब्रिटनच्या किनाऱ्यावरचा रेल्वे प्रवास: समुद्र दिसायचा असेल, तर या चुका टाळा

लंडनच्या पॅडिंग्टनहून पेन्झन्सला जायला साधारण पाच तास लागतात. त्यात गाडी समुद्राच्या भिंतीला खेटून धावते ती नैऋत्य इंग्लंडमधल्या डॉलिश आणि टिनमथ या गावांच्या आसपासचे जेमतेम चार मैल. त्या काही मिनिटांत डावीकडच्या खिडकीत लाटा असतात, आणि उजवीकडे बसलेल्याला दिसतो हाताच्या अंतरावरून सरकणारा लाल कातळ. तिकीट दोघांचं तेच, गाडीही तीच.

ब्रिटनच्या बहुतेक किनारी मार्गांवर असंच आहे. समुद्र थोडा वेळ आणि एकाच बाजूला दिसतो. म्हणून आधी ती मिनिटं कुठली हे ठरवावं आणि उरलेला प्रवास त्यांच्याभोवती आखावा.

बाजू न बघता जागा घेणं

सगळ्यात जास्त निराशा इथे पदरी पडते. बुकिंग करताना 'खिडकी' मागता येते, पण 'समुद्राकडची खिडकी' असा पर्याय सहसा नसतो. बाजू आपणच ठरवायची. (इथे डावी-उजवी म्हणजे गाडी जाते त्या दिशेला तोंड करून.) पॅडिंग्टनहून पेन्झन्सला जाताना डावी. एक्स नदीची खाडी, डॉलिशची भिंत, टिन नदीची खाडी, आणि शेवटी पेन्झन्सच्या अलीकडे समुद्रात उभा असलेला सेंट मायकल्स माउंट, हे सगळं डावीकडेच येतं. सेंट अर्थहून सेंट आइव्हजला जाणाऱ्या छोट्या फाट्यावर मात्र उजवी. हा फाटा सव्वाचार मैलांचा आहे आणि प्रवास पाव तासाच्या आत संपतो, त्यामुळे चढल्यावर बाजू शोधत बसायला वेळच नसतो. किंग्ज क्रॉसहून एडिंबराला उजवी. ॲल्नमथच्या पुढे बेरिकपर्यंत आणि त्यानंतर स्कॉटलंडच्या हद्दीत शिरताना कड्यांखाली उत्तर समुद्र दिसतो. चेस्टरहून होलीहेडला उजवी. लँकेस्टरहून बॅरोमार्गे कार्लाईलला डावी. इनव्हर्नेसहून काइल ऑफ लोकॅल्शला उजवी.

इथवर सोपं आहे. गोंधळ होतो तो गाडी वाटेत उलटी फिरते तिथे. बर्मिंगहॅमहून वेल्सच्या किनाऱ्याकडे जाणारी गाडी श्रूजबरीला आली की ज्या तोंडाने आत शिरते, त्याच्या उलट दिशेने बाहेर पडते. वेल्समध्ये उत्तरेला पुथ्लेलीकडे जाताना समुद्र डावीकडे असतो, म्हणजे बर्मिंगहॅमला चढताना उजवीकडे बसायला हवं. ग्लासगोहून मॅलेगला जाणारी गाडी फोर्ट विल्यमला अशीच उलटते. ग्लासगो सोडल्यावर गेअरलॉक आणि लॉक लाँग डावीकडे, लॉक लोमंड उजवीकडे ('लॉक' म्हणजे स्कॉटलंडमधलं सरोवर किंवा खाडी). फोर्ट विल्यमनंतर ग्लेनफिननचा पूल, लॉक शील आणि मोरारचा किनारा पुन्हा डावीकडे, पण तोवर आपली डावी उजवी झालेली असते. फोर्ट विल्यमला बरेच प्रवासी उतरतात. आरक्षणाची चिठ्ठी किंवा जागेवरचा दिवा पाहून तिथेच बाजू बदलावी.

आणखी एक बारीक गोष्ट. कित्येक डब्यांत आसनं आणि खिडक्या एका मापात बसत नाहीत, आणि 'खिडकीची जागा' म्हणून मिळालेलं आसन दोन काचांमधल्या खांबाला चिकटलेलं निघतं. समोरासमोरच्या, मधे टेबल असलेल्या जागांना सहसा पूर्ण काच मिळते. बुकिंगमध्ये टेबलाची जागा मागता आली, तर तीच मागावी.

गाडीचे दोन भाग होतात हे ध्यानात न घेणं

वेल्समध्ये मखन्थलेथ स्टेशनवर गाडीचे डबे वेगळे होतात. काही ॲबरिस्टविथला जातात, काही किनाऱ्याने बारमथ, हार्लेक करत पुथ्लेलीला. चुकीच्या डब्यात राहिलात, तर १८६७ साली खुला झालेला बारमथचा लाकडी पूल त्या दिवशी दिसत नाही, कारण या मार्गावर गाड्या साधारण दोन तासांनी एक. स्कॉटलंडमध्ये क्रीयनलारिकला हेच होतं; अर्धी गाडी ओबनला, अर्धी मॅलेगला. फलाटावरच्या पडद्यावर डबे कुठे जाणार ते लिहिलेलं असतं आणि घोषणाही होते. घोषणेवर मात्र सगळी भिस्त ठेवू नका. वेल्समधली नावं कागदावर एक आणि कानावर दुसरीच. डब्याच्या दारावरचं किंवा आतल्या पडद्यावरचं स्पेलिंग तिकिटाशी ताडून बघा, आणि शंका वाटली तर गार्डला विचारा.

नावाला भुलणं

लंडनच्या यूस्टनहून ग्लासगोला जाणाऱ्या मार्गाचं नाव 'वेस्ट कोस्ट मेन लाइन'. नावात किनारा आहे, पण समुद्राचं दर्शन जवळजवळ एकदाच, लँकेस्टरच्या पुढे हेस्ट बँकपाशी, क्षणभर. कोकण रेल्वेने प्रवास केलेल्यांना हे नवं नाही. नावात कोकण असलं, तरी रूळ डोंगरातून आणि बोगद्यांतून जातात आणि समुद्र सहसा दूरच राहतो. एडिंबराला जायचं आणि समुद्रही बघायचा, तर यूस्टन सोडून किंग्ज क्रॉसवरून निघा.

पेन्झन्सची रात्रीची गाडीही अशीच फसवते. झोपून जायला ती सोयीची आहे, पण डॉलिश पहाटे, वर्षातले बहुतेक दिवस अंधारातच, मागे पडतं.

तिकिटाची घाई

आपल्याकडे तिकीट आणि जागा एकत्र मिळतात. तिथे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वेटिंग लिस्ट हा प्रकारच नाही. तिकीट असलं तर गाडीत चढता येतं, पण आरक्षण नसेल तर उभं राहावं लागू शकतं. छोट्या किनारी फाट्यांवर बहुधा आरक्षणच नसतं, जो आधी येईल त्याची जागा. उन्हाळ्याच्या सुट्टीत सेंट आइव्हजच्या गाडीसाठी वीस मिनिटं आधी फलाटावर उभं राहणं हाच खरा उपाय.

'ॲडव्हान्स' तिकीट स्वस्त असतं, साधारण बारा आठवडे आधीपासून मिळतं, आणि फक्त ठरलेल्याच गाडीला चालतं. मधल्या स्टेशनवर उतरून गाव बघून पुढे जायची मुभा त्यावर नाही. टिनमथला उतरून दोन तास फिरायचं असेल, तर 'ऑफ-पीक', म्हणजे गर्दीची वेळ सोडून चालणारं, तिकीट पाहा. त्यावर असं उतरणं सहसा चालतं, मात्र तिकिटावर लिहिलेल्या अटी आधी वाचा. कुठल्याही रेल्वे कंपनीच्या संकेतस्थळावर सगळ्या कंपन्यांची तिकिटं मिळतात आणि तिथे जादा शुल्क लागत नाही. काही इतर ॲप मात्र ते लावतात.

भारतातून आलेल्या आई-बाबांना घेऊन फिरणाऱ्यांसाठी: ठरावीक दिवस हवं तितकं फिरू देणारा ब्रिटरेल पास फक्त ब्रिटनबाहेर राहणाऱ्यांना मिळतो. आई-बाबांना तो काढता येईल, तिथे राहणाऱ्या मुलाला नाही. त्यापेक्षा दोघांसाठी 'टू टुगेदर' रेलकार्ड पाहा. त्यावर भाड्यात एक तृतीयांश सूट मिळते, मात्र कार्डावरच्या दोघांनी एकत्रच प्रवास करायचा आणि कामाच्या दिवशी सकाळी ९:३० च्या आधी ते चालत नाही. साठी उलटलेल्यांना सिनियर रेलकार्डही घेता येतं.

ग्लेनफिननवरून जाणाऱ्या 'जॅकोबाइट' या वाफेच्या गाडीचं तिकीट वेगळं काढावं लागतं आणि हंगामात ते फार आधी संपतं. न मिळालं तर बेत मोडू नका. स्कॉटरेलची साधी गाडी त्याच २१ कमानींवरून, त्याच वळणाने, खूप कमी भाड्यात जाते.

हात न करणं, रविवार न पाहणं

वायव्य इंग्लंडमधल्या कंब्रियाच्या आणि वेल्सच्या किनाऱ्यावरची कित्येक स्टेशनं 'विनंती थांबे' आहेत. फलाटावर असाल, तर एसटीला करतो तसा ड्रायव्हरला दिसेल असा हात करा. गाडीत असाल, तर चढल्याबरोबर गार्डला उतरायचं ठिकाण सांगा. नाही सांगितलं, तर गाडी थांबणार नाही. काही फलाट इतके आखूड आहेत की ठरावीक दारंच उघडतात, तेही त्याच वेळी विचारून घ्या.

रविवारी गाड्या कमी असतात. शनिवार-रविवारी रुळांच्या कामामुळे गाडीऐवजी बस मिळण्याची शक्यता असते, आणि बस रस्त्याने जाते, समुद्राच्या भिंतीवरून नाही. प्रवासाच्या आठवड्यात नॅशनल रेलच्या वेळापत्रकावर पुन्हा एकदा नजर टाका. २५ डिसेंबरला गाड्या नसतात, २६ ला जवळजवळ नाहीतच. छोट्या गाड्यांत पँट्री कार नसते. पाणी आणि खाणं पिशवीत असू द्या.

भरती, ऊन आणि अंधार

किनाऱ्याची गाडी पकडणारे वेळापत्रक पाहतात, भरतीचं कोष्टक मात्र क्वचितच. भरती साधारण सव्वाबारा-साडेबारा तासांनी येते आणि दररोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. म्हणजे कुठल्या दिवशी कुठल्या गाडीला पाणी असेल, हे आठवडे आधीही कळतं. भरतीच्या तासभर इकडेतिकडे डॉलिशला पाणी भिंतीला लागलेलं असतं; ओहोटीला खाली वाळूची पट्टी उघडी पडते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात वारा समुद्राकडून असला, की लाटा गाडीवर येतात आणि गाड्या रोखल्याही जातात. फेब्रुवारी २०१४ च्या वादळात इथली भिंत फुटली, रूळ हवेत लोंबकळत राहिले आणि मार्ग ४ एप्रिलपर्यंत बंद होता. आता तिथे नवी, उंच भिंत उभी आहे. तरीही वादळाच्या दिवशी पुढची जोडगाडी चुकणार नाही एवढा वेळ हाताशी ठेवा.

उन्हाची दिशाही बघा. डॉलिशचा समुद्र पूर्वेकडे आहे, तिथे सकाळचं ऊन काचेवर येतं. वेल्सचा पश्चिम किनारा दुपारनंतर डोळे दिपवतो, तिथे सकाळची गाडी बरी. मॅलेगकडे डिसेंबरात चारच्या आधीच सूर्य मावळतो. त्या दिवसांत ग्लासगोहून सकाळचीच गाडी धरा. फोटोसाठी मोबाइलची लेन्स काचेला टेकवा आणि भोवती तळहाताचा आडोसा करा, म्हणजे डब्यातल्या दिव्यांचं प्रतिबिंब येत नाही. डॉलिश आणि टिनमथमध्ये पाच बोगदे आहेत. त्यांच्यामधला उजेड काही सेकंदांचाच असतो, तेव्हा एकेक फोटो काढत बसण्यापेक्षा आधीपासून व्हिडिओ सुरू ठेवा.

मोरकॅम्बेच्या उपसागरात तर सगळा खेळ भरतीचाच. १८५७ साली बांधलेल्या आर्नसाइडच्या पुलावरून गाडी जाताना भरतीला खाली चकाकतं पाणी, आणि ओहोटीला क्षितिजापर्यंत ओली वाळू. ती वाळू पाहून आर्नसाइडला उतरून आत चालत जाण्याचा मोह होतो. तो टाळा. तिथे पाय रुतवणारी वाळू आहे आणि पाणी पाठीमागच्या खाचांतून आधी भरतं, त्यामुळे परतीची वाट बंद झाल्यावरच कळतं. भरती येण्याआधी गावात भोंगा वाजतो. तो ऐकू आला की फलाटावर किंवा धक्क्यावर उभं राहून पाणी आत येताना बघा.