जावास्क्रिप्टच्या स्टाइल ऑब्जेक्टपासून सीएसएस स्ट्रिंग कशी तयार करावी

रिअ‍ॅक्टमध्ये (पानाचा इंटरफेस बांधायची जावास्क्रिप्ट लायब्ररी) स्टाइल ऑब्जेक्ट म्हणून, म्हणजे नाव-व्हॅल्यूच्या जोड्यांत, दिली की काम भागतं. पण तीच स्टाइल ईमेलच्या टेम्पलेटमध्ये, सर्व्हरवर मजकूर म्हणून जोडल्या जाणाऱ्या एचटीएमएलमध्ये किंवा एसव्हीजी फाइलमध्ये घालायची असेल, तर सीएसएसची सरळ स्ट्रिंगच लागते. ती करणारं फंक्शन वीसेक ओळींचं होतं. नावं बदलणं त्यातलं सोपं काम आहे. चुका होतात त्या व्हॅल्यू लिहिताना.

आधी स्ट्रिंगची खरंच गरज आहे का ते पाहा. कोड ब्राउझरमध्येच चालत असेल आणि एलिमेंट हाताशी असेल, तर त्याच्या स्टाइल प्रॉपर्टीवर थेट व्हॅल्यू ठेवा. उगाच स्ट्रिंग करून स्टाइलच्या सीएसएस-टेक्स्ट या प्रॉपर्टीत टाकली, तर त्या एलिमेंटवर आधी असलेली सगळी इनलाइन स्टाइल पुसली जाते.

१. नावं बदला

ऑब्जेक्टमधली नावं कॅमलकेसमध्ये असतात: 'बॅकग्राउंड' आणि 'कलर' एकत्र, मधला सी कॅपिटल. सीएसएसला हवं असतं सगळं स्मॉल आणि मधे हायफन. त्यासाठी रिप्लेस वापरा: ए ते झेडपैकी प्रत्येक कॅपिटल अक्षर शोधा आणि त्याच्या जागी हायफन व तेच अक्षर स्मॉल करून ठेवा. रेग्युलर एक्स्प्रेशनला जी फ्लॅग द्यायला विसरू नका, नाहीतर फक्त पहिलंच कॅपिटल अक्षर बदलेल आणि 'बॉर्डर-टॉप-कलर'सारखी नावं अर्धवट राहतील.

या नियमाला तीन अपवाद आहेत. ठरावीक ब्राउझरसाठी नावाआधी लागणारे प्रीफिक्स पाहा: 'वेबकिट' आणि 'मॉझ' कॅपिटल अक्षराने सुरू होतात, त्यामुळे पुढचा हायफन आपोआप मिळतो. 'एमएस' मात्र रिअ‍ॅक्टच्या पद्धतीत स्मॉल लिहितात, म्हणून तिथे हायफन वेगळा जोडावा लागतो. 'सीएसएस-फ्लोट' या नावाचं नुसतं 'फ्लोट' करावं लागतं. आणि दोन हायफनने सुरू होणारं नाव, म्हणजे कस्टम प्रॉपर्टी (सीएसएसचं व्हेरिएबल), जसंच्या तसं ठेवावं. त्या नावांत कॅपिटल-स्मॉलचा फरक धरला जातो. अक्षर बदललं की व्हेरिएबल सापडतच नाही.

२. नको त्या व्हॅल्यू गाळा

नल, अनडिफाइन्ड, ट्रू-फॉल्स आणि रिकामी स्ट्रिंग गाळायची. इथे 'व्हॅल्यू नसेल तर सोडून द्या' अशी आखूड अट लिहिण्याचा मोह होतो, आणि ती शून्यालाही गाळते. मग ओपॅसिटी ० दिलेला, लपवायचा घटक पानावर ठळक दिसू लागतो. प्रत्येक प्रकार नाव घेऊनच तपासा. व्हॅल्यूच्या जागी आणखी एक ऑब्जेक्ट आला, उदाहरणार्थ होव्हर किंवा मीडिया क्वेरीसाठी, तर एरर द्या. स्टाइल अ‍ॅट्रिब्यूटमध्ये होव्हर किंवा मीडिया क्वेरी लिहिता येत नाही. त्यांना स्टाइल टॅगच लागतो.

३. आकड्यांना पीएक्स लावा, पण सगळ्यांना नाही

रुंदी, मार्जिन, पॅडिंग, फॉन्ट-साइज यांना नुसता आकडा दिला असेल तर पुढे पीएक्स (पिक्सेल हे एकक) जोडा. शून्याला एककाची गरज नाही. मात्र ओपॅसिटी, झेड-इंडेक्स, लाइन-हाइट, फॉन्ट-वेट, ऑर्डर, फ्लेक्स, फ्लेक्स-ग्रो, फ्लेक्स-श्रिंक यांना एकक लावायचं नाही. त्यांची यादी एका सेटमध्ये ठेवा.

यादीत नाव राहून गेलं तर दोन तऱ्हांनी बिघडतं. ओपॅसिटी ०.५ पीएक्स झाली, तर ब्राउझर ती ओळ चूक ठरवून मुकाट्याने टाकून देतो. लाइन-हाइट १.५ पीएक्स झाली, तर ती व्हॅल्यू वैध असते, म्हणून ब्राउझर ती मानतो आणि परिच्छेदाच्या सगळ्या ओळी एकमेकींवर चढतात. कस्टम प्रॉपर्टीला पीएक्स कधीच लावू नका. ती पुढे कुठे वापरली जाणार हे फंक्शनला कळत नाही.

४. जोडा

ऑब्जेक्ट-एंट्रीजने जोड्या काढा, प्रत्येकीचं 'नाव, कोलन, व्हॅल्यू' करा आणि अर्धविराम घालून जॉइन करा. क्रमाकडे लक्ष असू द्या, कारण सीएसएसमध्ये नंतर आलेली ओळ जिंकते. दोन ऑब्जेक्ट स्प्रेडने (तीन टिंबांनी) एकत्र केले, की आधीपासून असलेलं नाव आपली जुनी जागा सोडत नाही, फक्त त्याची व्हॅल्यू बदलते. मूळ ऑब्जेक्टमध्ये मार्जिन-टॉप असेल आणि नव्यात आधी मार्जिन व मग मार्जिन-टॉप, तर एकत्र केल्यावर मार्जिन शेवटी जातं आणि मार्जिन-टॉपवर पाणी पडतं. एकाच ऑब्जेक्टमध्ये आखूड (मार्जिन) आणि सविस्तर (मार्जिन-टॉप) प्रॉपर्टी मिसळू नये, ते यासाठीच.

५. एचटीएमएलमध्ये घालण्याआधी

फॉन्ट-फॅमिलीत दुहेरी अवतरणचिन्ह असेल, तर स्टाइल अ‍ॅट्रिब्यूट तिथेच बंद होतं आणि उरलेली स्टाइल वाया जाते. म्हणून पूर्ण स्ट्रिंग एचटीएमएलसाठी एस्केप करा, म्हणजे अवतरणचिन्हासारख्या खास चिन्हांच्या जागी त्यांचे एचटीएमएल कोड ठेवा. पण वापरकर्त्याने टाइप केलेल्या व्हॅल्यूला एवढं पुरत नाही: त्यातल्या एका अर्धविरामाने नवी सीएसएस ओळ घुसवता येते. रंग किंवा आकडा ठरलेल्या नमुन्यात बसतो का ते तपासूनच तो घ्या.

चाचणीसाठी एकाच ऑब्जेक्टमध्ये ओपॅसिटी ०, मार्जिन-टॉप उणे ८, नल रंग, आकडा असलेली एक कस्टम प्रॉपर्टी आणि वेबकिट-लाइन-क्लॅम्प ३ एवढं ठेवा. शेवटच्या नावावर बरीच फंक्शनं अडतात. त्यालाही एकक चालत नाही, पण यादीत फक्त 'लाइन-क्लॅम्प' असेल तर प्रीफिक्समुळे नाव जुळत नाही आणि पीएक्स लागतो. यादीशी ताडण्याआधी प्रीफिक्स काढून टाका.