टीव्ही-प्रोजेक्टरचे रंग खरे दिसावेत म्हणून आधी काय करायचं

सगळ्यात आधी विविड नाहीतर डायनॅमिक मोड बंद करा. तो दुकानातल्या भगभगीत उजेडात टीव्ही उठून दिसावा म्हणून असतो, घरी त्यात माणसांची कातडी बघवत नाही. फिल्ममेकर मोड असेल तर तो लावा, नसेल तर सिनेमा, आणि कलर टेम्परेचर वॉर्म. दोन दिवस सगळं पिवळट वाटेल, आमची आई तर टीव्ही बिघडला म्हणाली होती, पण धीर धरा, डोळे रुळतात. सिनेमा-सिरीयलचं कलर ग्रेडिंग, म्हणजे रंग पक्के करायचं काम, होतं तिथे पांढरा म्हणजे डी६५ हा ठरलेला पांढरा, साधारण ६५०० केल्विन, आणि आपले टीव्ही बहुतेक त्याहून निळे सेट करून येतात.

आता शार्पनेस बहुतेक टीव्हीत शून्यावर किंवा शून्याच्या जवळ, डायनॅमिक कॉन्ट्रास्ट बंद, कलर स्पेस ऑटो. नेटिव्ह (पॅनल दाखवू शकेल तेवढे सगळे रंग) ठेवलं की साध्या एचडी चॅनलवरचा टोमॅटोसुद्धा पेटल्यासारखा दिसतो, कारण ते चित्र रेक ७०९ या एचडीच्या रंग-मानकासाठी बनलेलं असतं.

मग एव्हीएस एचडी ७०९ चे फुकट टेस्ट पॅटर्न (सेटिंग तपासायची चित्रं) पेनड्राइव्हवर घ्या, टीव्ही अर्धा तास चालू राहू द्या आणि रोज ज्या उजेडात बघता त्याच उजेडात बसा. ब्राइटनेस नावाचं बटण बहुतेक टीव्हीत खरं तर काळ्याची पातळी ठरवतं, पॅटर्नमधली १६ नंबरची पट्टी (व्हिडिओतला काळा) पूर्ण काळी आणि १७ ची जेमतेम दिसेल इथवर आणा. कॉन्ट्रास्ट इतकाच ठेवा की २३४ पर्यंतच्या, जवळजवळ पांढऱ्या, पट्ट्या वेगळ्या ओळखू येतील. उजेड कमी-जास्त हवा असेल तर बॅकलाइट हलवा, या दोघांना हात लावू नका. सेटटॉप बॉक्सचं चित्र धुरकट किंवा काळं काळं दिसत असेल तर एचडीएमआयची रेंज (काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतचा पल्ला), लिमिटेड की फुल, बॉक्स आणि टीव्ही दोन्हीकडे एकच आहे का बघा.

प्रोजेक्टरवाल्यांनी भिंत आधी बघावी, क्रीम रंगाच्या भिंतीवर पांढरा क्रीमच दिसणार. डीएलपी (बारीक आरशांच्या चिपचा) प्रोजेक्टर असेल तर ब्रिलियंट कलर हे उजेड वाढवणारं सेटिंग खाली आणा, उजेड थोडा जाईल पण रंग खऱ्याच्या जवळ येतील. दिव्याचा प्रोजेक्टर असेल तर दिवा जुना होतो तसे रंग सरकतात, म्हणून हे सगळं अधूनमधून परत करावं लागतं.

आणि कुणाचे व्हाइट बॅलन्सचे (पांढऱ्यातला लाल-हिरवा-निळा जुळवायचे) गेन-ऑफसेट आकडे उतरवून घेऊ नका प्लीज, एकाच मॉडेलचे दोन पॅनलसुद्धा सारखे नसतात, त्यासाठी रंग मोजणारा मीटरच लागतो.