दुहेरी प्रोब: कोल्ड काम रत्नागिरीत, हॉट काम मुंबईत

एम.एस्सी.ची मुलं विचारतात, "मॅडम, ट्यूमर दाखवणारा दुहेरी प्रोब आपल्या लॅबमध्ये होईल का?" इथे रत्नागिरीत निम्मा होईल, म्हणजे किरणोत्साराशिवायचं 'कोल्ड' काम (किरणोत्सारी ते 'हॉट'), आणि तोच निम्मा जास्त किचकट आहे.

गाठीला नेमकी चिकटणाऱ्या एकाच अँटिबॉडीवर (प्रथिनावर) दोन गोष्टी बसवायच्या. किरणोत्सारी अणू, म्हणजे ऑपरेशनआधी पेट (PET) स्कॅनमध्ये गाठ कुठे आहे ते कळतं. आणि फ्लुरोसंट रंग, म्हणजे सर्जनला टेबलावर तिची कड दिसते. निअर-इन्फ्रारेड प्रकाशसुद्धा मांसातून जेमतेम सेंटिमीटरभर येतो, त्यामुळे नुसत्या रंगावर भागत नाही.

आधी अणू ठरवा. मुंबई-रत्नागिरी गाडीने सात तास धरा (हायवेची कृपा असेल तर). गॅलियम-68 चं अर्धायुष्य 68 मिनिटं. पोचेपर्यंत दीड टक्काही उरत नाही. झिर्कोनियम-89 चं साधारण 78 तास, म्हणजे 94 टक्के शाबूत. शिवाय अँटिबॉडीला गाठीत साठायला दोन-तीन दिवस लागतात, तेव्हा झिर्कोनियमच घ्या. पण तो इथे मागवायचा नाही. एईआरबीचा (अणुऊर्जा नियामक मंडळाचा) परवाना, हॉट लॅब, टीएलडी बॅज (अंगावर किती किरणोत्सार पडला ते मोजणारे) जिथे आहेत तिथेच, म्हणजे मुंबईत, ती पायरी उरकायची.

इथे करायचं ते असं: अँटिबॉडीवर आधी डेस्फेरॉक्सामिन (झिर्कोनियमला धरून ठेवणारा रेणू) जोडा, पीएच 9 च्या आसपास, मग रंग 8.5 ला. दोन्ही अँटिबॉडीतल्या लायसिन या अमिनो आम्लावरच बसतात. ट्रिस बफर अजिबात नको, त्यातलं अमाइन रंग खाऊन टाकतं. रंगाची कुपी फ्रीझरमधून काढली की लगेच उघडू नका. आपल्या जुलैच्या हवेत आत दव धरतं आणि एनएचएस एस्टर (रंगाचा अँटिबॉडीला जोडणारा भाग) पाण्याशीच संपतो. डेसिकेटरमध्ये ठेवा, काच बोटाला गार लागेनाशी झाली की झाकण काढा.

मग पीडी-10 कॉलम, म्हणजे मोठे रेणू आधी आणि छोटे मागून सोडणारी गाळणी. पहिला उतरणारा निळसर-हिरवा पट्टा तुमचा, वर रेंगाळणारा मोकळा रंग. आयआरडाय 800सीडब्ल्यू हा रंग वापरला असेल तर शोषण 280 (अँटिबॉडीसाठी) आणि 774 नॅनोमीटरला (रंगासाठी) मोजा. 280 ला रंगही थोडं शोषतो, तेवढं वजा करा. अँटिबॉडीमागे एक-दोन रंग पुरे. जास्त लावले की ती यकृतात पळते, आणि दाटीने बसलेले रंग एकमेकांची चमक मारतात.

फॉइलमध्ये गुंडाळून, आइस पॅकवर, रात्रीच्या गाडीने मुंबईला. तिथे झिर्कोनियम मिसळायचा: पीएच 7, खोलीचं तापमान, तासभर. तापवावं लागत नाही, त्यामुळे रंग वाचतो.

उंदरातल्या चाचणीत एका गटाला प्रोबच्या आधी साधी, काही न जोडलेली अँटिबॉडी भरपूर द्या, म्हणजे गाठीतल्या जागा अडतील. त्या गटात गाठीतला सिग्नल उतरलाच पाहिजे. नाही उतरला तर प्रोब नेमका चिकटत नाहीये. आणि हाडं उजळली असतील तर झिर्कोनियम सुटलाय, डेस्फेरॉक्सामिनपासून पुन्हा तपासा.